तिसरे नाव

भुईगावात जोसेफ आणि एकनाथ यांच्या वाड्यांच्या मध्ये कुंपण नाही, बावखल आहे. पावसाचे गोडे पाणी वर्षभर धरून ठेवणारे ते लहानसे तळे कोणाच्या पूर्वजाने खणले, याची नोंद दोन्ही घरांत नाही. त्याच्या एका काठावर जोसेफची केळ आहे, दुसऱ्या काठावर एकनाथचा सोनचाफा. आणि दोन्ही घरची माणसे काठाकाठाने, पायांनीच मळलेल्या वाटेवरून, एकमेकांकडे जातात. जोसेफ मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी प्रार्थनेचा म्होरक्या असतो, तेव्हा क्रुसाला चढवायची फुले एकनाथच्या वाडीतून येतात. एकनाथची पत्नी प्रेमलता वसईतील एका प्रसूति-रुग्णालयात परिचारिका आहे. जोसेफ आणि मार्गारेट यांची सून प्रिन्सी तिला मावशी म्हणते.

प्रिन्सीला सातव्याच महिन्यात रुग्णालयात न्यावे लागले. तिचा नवरा मर्विन दूर समुद्रावर, जहाजाच्या नोकरीत होता. रक्तदाब उतरेना, म्हणून डॉक्टरांनी दुपारीच शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. आत नेण्यापूर्वी प्रिन्सीने प्रेमलतेचे मनगट धरले.

"मावशी, बाळाचं काही बरंवाईट होतंय असं वाटलं, तर त्याला तसंच जाऊ देऊ नका. पाणी घाला."

"तू आधी शांत हो. फादरना आणायला बाबा गेलेत."

"ते पोचतीलच असं नाही. कोणीही घालू शकतं, मावशी. आम्हाला शिकवलंय लहानपणी. तुम्ही हो म्हणा."

"हो," प्रेमलता म्हणाली, आणि दार बंद झाले.

जोसेफ आणि फादर स्टेशनजवळच्या पुलावर वाहनांच्या रांगेत अडकले होते. इकडे बाळ जन्मले ते निळसर, आणि ओंजळीत मावेल एवढे. डॉक्टर त्याच्या छातीवर दोन बोटांनी दाब देत होते. एकदा त्यांनी मान वर करून प्रेमलतेकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली. त्या नजरेचा अर्थ तिला इतक्या वर्षांच्या सेवेत पाठ झाला होता. अशी किती बाळे तिने पांढऱ्या कापडात गुंडाळून आयांच्या हाती दिली होती, आणि प्रत्येक वेळी औषध संपले की तिच्यापाशी देण्यासारखे काहीच उरत नसे. त्या दुपारी मात्र एक गोष्ट उरली होती. तिने सुई नसलेल्या पिचकारीत निर्जंतुक पाणी भरले, बाळाच्या कपाळावर सोडत, भुईगावच्या देवळात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, शेजाऱ्यांच्या सगळ्या बाप्तिस्म्यांना उभी राहून कानांत मुरलेले शब्द उच्चारायला सुरुवात केली.

बाळ जगले. संध्याकाळी प्रिन्सीने डोळे उघडले. कोरड्या ओठांनी तिने पहिला प्रश्न केला, तो मुलगी की मुलगा हा नव्हता.

"पाणी?"

"घातलं," प्रेमलता म्हणाली.

त्या एका शब्दावर प्रिन्सीने पुढचे आठवडे काढले. काचेच्या पेटीत नळ्यांच्या जाळ्यात पडलेली लेक पाहून ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "माझी ॲनी देवाची झालेली आहे. आता काय व्हायचं ते होऊ दे." लेकीचे नाव तिने जोसेफच्या दिवंगत आईवरून ठेवले होते. ती असे म्हणे तेव्हा प्रेमलता जवळ असली, तर उगाच सलाइनची बाटली तपासू लागे.

*

ॲनी घरी आली, गालांवर मांस धरू लागली, आणि जोसेफच्या मनात समारंभाचे बेत उमलू लागले. मर्विन सुट्टीवर येणार होता. एका संध्याकाळी फादर घरी आले, तेव्हा जोसेफने ओसरीवर खुर्ची मांडून विषय काढला.

"रविवारी दुपारी ठेवू, फादर. आमच्या घरातल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा देवळातल्या त्या दगडी कुंडावरच झाला. माझा, माझ्या बापाचा, मर्विनचा. मर्विन तर एवढा रडला होता की पाद्रीबुवांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना."

"कुंडापाशी जरूर या," फादर म्हणाले. ते वयाने तरुण आणि बोलण्यात सावकाश होते. "तेलाचा अभ्यंग करू, पांढरं वस्त्र देऊ, मेणबत्ती देऊ. पण पाणी घालता येणार नाही. तिचा बाप्तिस्मा झालाय ना?"

"ते दवाखान्यातलं हो."

"दवाखान्यातलं असो, रस्त्यातलं असो. बाप्तिस्मा एकदाच होतो, जोसेफकाका. माणूस एकदाच जन्मतो तसा."

जोसेफ घोटाळला. त्याच्या मनात दुजाभाव नव्हता. प्रेमलतेच्या हातचे जेवण त्याच्या घरात सणासुदीला चालत आले होते. पण मनात होते ते त्याने बोलून टाकले. "प्रेमलतावहिनी आमच्या घरातल्याच. पण त्या देवळातल्या नाहीत, फादर. त्यांनी घातलेलं पाणी चालतं?"

"चालतं. प्रसंग तसा असेल तर कोणीही घालावं, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. बाप्तिस्मा न झालेल्या माणसानेसुद्धा. पाणी वाहिलं पाहिजे, शब्द पूर्ण आले पाहिजेत, आणि ख्रिस्तसभा जे करते तेच करण्याचा हेतू पाहिजे. एवढं असलं की पुरे."

"मी सांगते ना, सगळं झालंय," आतून बाळाला थोपटत प्रिन्सी म्हणाली.

"झालंच असेल," फादर म्हणाले. "मला फक्त त्यांना विचारायला हवं. कोणी केलं, कसं केलं, हे खात्रीने कळल्याशिवाय मला पुढचे विधी करता येत नाहीत."

मार्गारेटने बावखलाच्या काठावर जाऊन हाक मारली. प्रेमलता ओले हात पदराला पुसत आली. मागोमाग एकनाथही आला, कारण जोसेफच्या ओसरीवर संध्याकाळी चहा होतो हे त्याला ठाऊक होते.

"बस रे," जोसेफ त्याला म्हणाला. "तुझ्या बायकोची परीक्षा आहे आज."

"ती पास होईल. तू कधी झाला होतास?"

फादर हसले, मग प्रेमलतेकडे वळले. "बाई, तुम्ही त्या दिवशी जे केलंत, ते आठवेल तसं सांगा. पाणी कसलं होतं?"

"इंजेक्शनमध्ये वापरतो ते. साधं, शुद्ध पाणी. पिचकारीने कपाळावर घातलं."

"वाहिलं का? नुसता ओला हात लावला नाही ना?"

"वाहिलं. कानामागे साचलं, ते मी कापसाने टिपलं. बाळाला गारठा लागू नये म्हणून."

"आणि तेव्हा मनात काय होतं तुमच्या?"

"मनात मोठं काही नव्हतं, फादर. ही माणसं देवळात आपल्या लेकरांसाठी जे करतात, तेच मी त्यांच्या जागी उभी राहून करतेय, एवढंच. मला त्यातलं आतलं काही कळत नाही. मी म्हटलं, त्यांना जे अपेक्षित आहे तेच हे असू दे."

फादरांनी हात जोडले. "धर्मशास्त्राच्या वर्गात आम्हाला हे समजायला एक अख्खं वर्ष लागलं होतं," ते म्हणाले. एकनाथ जोसेफकडे भुवई उडवून पाहू लागला. दारात उभ्या असलेल्या प्रिन्सीचा चेहरा उजळला.

"आता शब्द सांगा. कोणते उच्चारलेत?"

ओसरीवर बसलेल्या कोणालाही या प्रश्नात अवघड काही दिसले नाही. प्रेमलतेला मात्र याच प्रश्नाचे भय त्या दुपारपासून वाटत होते. ते शब्द तिला येत होते. आता, या क्षणी, ती ते न अडखळता म्हणू शकत होती. ते म्हटले असते तर सारे तिथेच संपले असते, आणि प्रिन्सीचा तो उजळलेला चेहरा तसाच राहिला असता. शिवाय तिच्या स्वतःच्या आयुष्यातले ते एकमेव कर्म, औषधाच्या पलीकडचे, कायमचे तिचे राहिले असते. तिने प्रिन्सीकडे पाहिले, मग खाली जमिनीकडे.

"'पित्याच्या' म्हटलं, आणि थेंब सोडले," ती म्हणाली. "'पुत्राच्या' म्हटलं, पुन्हा सोडले. मग यंत्राचा गजर सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, बाजूला व्हा. मी बाजूला झाले. तिसरं नाव मी घेतलं की नाही, ते मला आठवत नाही."

"तिसऱ्यांदा पाणी?"

"ते घातलं. हात चालला होता. तोंड चाललं की नाही, ते ठाऊक नाही."

"मनातल्या मनात म्हटलं असशील," मार्गारेट घाईने म्हणाली.

"म्हटलंही असेल, माग्रेट. उघडसुद्धा म्हटलं असेल. किती वेळा आठवून पाहिलं. कधी वाटतं म्हटलं, कधी वाटतं तो भास. फादरनी विचारल्यावर 'म्हटलं' असं मला सांगवत नाही."

चहाच्या कपांवर साय धरली. प्रिन्सी बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतले.

फादरांनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "जिथे शंका उरते, तिथे ख्रिस्तसभेने एक वाट ठेवली आहे. आम्ही पाणी घालतो, पण आधी म्हणतो, 'जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर'. म्हणजे आधीचा झाला असेल, तर तोच खरा. झाला नसेल, तर हा. तसं करू."

जोसेफला हवे होते ते मिळाले होते. परंतु त्याच्या तोंडावर आनंद दिसला नाही. तो कपातल्या सायीकडे पाहत राहिला.

*

त्या संध्याकाळनंतर प्रिन्सी बावखलाच्या वाटेने आली नाही. एरवी ती बाळाला खांद्यावर टाकून रोज सकाळी येई, वजन वाढले का ते विचारी, चाफ्याखाली उभी राहून गप्पा मारी. प्रेमलता कामावर जाण्यापूर्वी नकळत त्या वाटेकडे पाही. रुग्णालयात तिने एकदा सहकारी हिनाला विचारले, "त्या दिवशी तू होतीस ना शेजारी? मी काय म्हणत होते, ऐकू आलं होतं?" हिना म्हणाली, "सिस्टर, त्या वेळी मी स्वतःचं नाव तरी सांगू शकले असते का?"

"तू बोललीस ते बरोबर की चूक?" एकनाथने जेवताना विचारले.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, भाजीत मीठ नाही."

ती हसली नाही, तेव्हा त्याने स्वतः उठून मीठ आणले आणि आधी तिच्या ताटात वाढले.

दोनच दिवसांनी मार्गारेट आली. तिने केळफूल आणले होते. ते हातात धरूनच बसली.

"ती रडत नाही, प्रेमा. रडली असती तर मी समजूत घातली असती. बाळाला पाजते, धुते, आणि गप्प असते. रात्री मला म्हणाली, आई, पेटीत होती तेव्हा मी ज्याच्यावर विसंबले ते होतंच की नव्हतं?"

"मी तिला 'घातलं' म्हणाले, तेव्हा पाणी घातलंच होतं. तिने पाणीच विचारलं होतं." प्रेमलतेचा आवाज खाली गेला. "तिला त्या अवस्थेत मी बाकीचं काय सांगणार होते? पण फादर विचारायला बसले, तेव्हा तुमच्या देवासमोर खोटी साक्ष कशी देऊ?"

"आता तुमचं-आमचं कशाला करतेस?" मार्गारेट म्हणाली. "माझा नवरा सगळ्यात दुःखी आहे. म्हणतो, मी कुंड कुंड केलं नसतं तर कोणी विचारलंच नसतं. काल देवळात जाऊन त्या कुंडापाशी उभा राहिला आणि परत आला. मी विचारलं, काय मागितलंत? तर म्हणे, काही नाही, दगड पाहून आलो."

दोघींना हसू आले, आणि हसता हसता प्रेमलतेचे डोळे भरले. मार्गारेटने केळफूल खाली ठेवून तिचा हात हातात घेतला. मग मार्गारेटने तिथेच विळी मागितली आणि केळफूल निवडायला घेतले.

*

मर्विन आला. समारंभाच्या आदल्या दुपारी प्रेमलता कामावरून परतली, तेव्हा प्रिन्सी तिच्या पायरीवर बसली होती. मांडीवर ॲनी जागी होती.

"मी फादरना भेटून आले," प्रिन्सी म्हणाली. नमस्कार नाही, प्रस्तावना नाही. "मी विचारलं, त्या दिवशी ती गेली असती तर काय झालं असतं? तिसरं नाव राहिलं म्हणून देवाने तिला दाराबाहेर ठेवलं असतं?"

प्रेमलता तिच्याशेजारी बसली. "काय म्हणाले?"

"म्हणाले, पाणी आणि शब्द देवाने आपल्यासाठी दिलेत, आपल्याला हाताने धरता यावं म्हणून. तो स्वतः त्यात अडकलेला नाही. एका आईने मागितलं आणि एका बाईने जीव तोडून दिलं, हे ज्याने पाहिलं, तो वाक्य अर्धं राहिलं म्हणून पाठ फिरवील, असा देव त्यांनी तरी कधी शिकवलेला नाही." तिने ॲनीला दुसऱ्या मांडीवर घेतले. "मग मी विचारलं, असं असेल तर मावशींनी कशाला सांगितलं? राहू द्यायचं होतं."

"मग?"

"त्यावर त्यांनी मलाच विचारलं. म्हणाले, तुझ्या मुलीच्या ख्रिस्ती जीवनाच्या पायाशी तुला काय हवं, शंका की खोटं? शंकेवर उपाय आहे, म्हणाले. उद्या आपण तोच करणार आहोत. खोटं असतं, तर तुला ते कधी कळलंही नसतं." प्रिन्सीने ॲनीच्या मुठीतून आपली केसांची बट सोडवली. "मी रागावले होते, मावशी. तुमच्यावर नाही. म्हणजे, तुमच्यावरच. पण आता नाही."

"रागावलीस तर मी कुठे जाणार आहे? मध्ये हे एवढंसं पाणी आहे."

"उद्या मागे बसू नका तुम्ही दोघं. पुढे या."

*

रविवारी दुपारी देवळात फक्त घरची माणसे होती. पश्चिमेच्या खिडकीतून येणारा प्रकाश दगडी कुंडाच्या काठावर पडला होता. मर्विनची बहीण सीमा धर्ममाता होती. ॲनीला तिने हातांवर आडवे धरले. दुसऱ्या बाजूला प्रिन्सी आणि मर्विन, त्यांच्यालगत जोसेफ आणि मार्गारेट, आणि प्रिन्सीने हात धरून आणल्यामुळे कुंडापासून हातभर अंतरावर प्रेमलता उभी होती. तिच्यामागे एकनाथ, पायांतल्या नव्या मोज्यांनी अवघडलेला.

फादरांनी प्रथम सर्वांना सांगितले, "या बाळाच्या संकटाच्या घडीला एका शेजारणीने श्रद्धेने पाणी घातले होते. शब्द पूर्ण झाले की नाही, एवढीच शंका आहे. म्हणून आज आपण एका 'जर'सह हा संस्कार करीत आहोत. तो 'जर' तिच्या कृतीचा मान राखण्यासाठी आहे, हे ध्यानात ठेवा."

मग त्यांनी शिंपल्यात पाणी घेतले. "ॲनी, जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुझा बाप्तिस्मा करतो. पित्याच्या,"

पाणी पडले. बाळ दचकले.

"आणि पुत्राच्या,"

पाणी पुन्हा पडले. त्या दुपारी याच ठिकाणी यंत्र ओरडले होते. कित्येक रात्री प्रेमलतेची स्मृती याच ठिकाणी येऊन परत फिरली होती. आता मात्र काहीच ओरडले नाही. देवळाबाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवीत गेली, तेवढेच.

"आणि पवित्र आत्म्याच्या नावाने."

तिसऱ्यांदा पाणी पडले, आणि ॲनी मोठ्याने रडू लागली. आपण केलेले पुसले गेले असे वाटेल, अशी धास्ती तिने गेले काही आठवडे बाळगली होती. तसे काही वाटले नाही. कोणीतरी तिच्या हातातले जड भांडे दुसऱ्या बाजूने धरावे आणि दोघांनी मिळून ते उंबरठ्याच्या आत न्यावे, तसे काहीसे वाटले. जोसेफने खिशातून रुमाल काढला. तो बाळासाठी असेल असे समजून सीमाने हात पुढे केला. पण त्याने तो स्वतःच्याच डोळ्यांना लावला.

वाडीत केळीखाली टेबले मांडली होती. मार्गारेट आणि सीमा तेलातून गरम फुगे काढीत होत्या, आणि आंबवलेल्या पिठाचा गोड वास बावखलापर्यंत पसरला होता. दूरच्या वाडीतले एक नातलग उशिरा आले, त्यांनी जोसेफला बाजूला घेऊन विचारले, "मग नक्की काय समजायचं? बाप्तिस्मा आज झाला की तेव्हा?"

"देवाला माहीत," जोसेफ म्हणाला. "मला एवढंच माहीत आहे, की पोरीला देवाकडे दोनदा नेलं. एकदा वहिनी घेऊन गेल्या, एकदा आम्ही. फुगे गरम आहेत, आधी बसा."

"आणि हिशेबाने दोनदा जेवण द्यायला हवं," एकनाथ पलीकडून म्हणाला. "पहिलं अजून बाकी आहे."

"तुझं कधी बाकी असतं? तू सकाळपासून खातोयस."

प्रेमलता जरा बाजूला, सावलीतल्या बाकावर बसली होती. प्रिन्सी गर्दीतून वाट काढीत तिच्याकडे आली. सकाळपासून तिने स्वतः काही खाल्ले नव्हते. पांढऱ्या वस्त्रात गुंडाळलेली, रडून रडून झोपी गेलेली ॲनी तिने प्रेमलतेच्या मांडीवर ठेवली, मानेखाली तिच्या हाताची उशी नीट केली आणि म्हणाली, "मी जेवून येते, मावशी. सावकाश येईन."

"ये सावकाश," प्रेमलता म्हणाली.

प्रिन्सी गेली. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही.